नमनाचं तेल

क्लाक्स्विकच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
पहिल्या मंगळवारी नऊ जण आले.
मी अकरा पानं छापून नेलेली:
आधी हे उतरवा, मग ते,
मग कम्पायलर, मग एडिटरला सांगा
कम्पायलर कुठं राहतो,
आणि लाल अक्षरं आली तर घाबरू नका.

लाल अक्षरं आली.
सगळे घाबरले.

मार्युन मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली,
बोटांत अजून बर्फाचा गारठा,
मुलाचा जुना लॅपटॉप, एक कळ उखडलेली.
सात पानं तिनं निमूट पार केली.
आठव्यावर यंत्र म्हणालं, कमांड सापडली नाही.
"आत्ता तर ठेवली! तुमच्यासमोर!"
ठेवलीय हो, मी म्हटलं, पण त्याला वाट माहीत नाही.
"मग विचारत का नाही कुणाला?"

याचं उत्तर अकरा पानांत नव्हतं.

नऊला वाचनालय बंद झालं.
नमनालाच घडाभर तेल जळलेलं,
पडदासुद्धा हलला नव्हता.

दुसऱ्या मंगळवारी चौघं.
मार्युन नाही.

खरं सांगू? मला ती पानं आवडायची.
कधीकाळी माझ्या पायात रुतलेले काटे
मी जपून ठेवले होते
आणि मागून येणाऱ्याच्या वाटेवर
नीट मांडून देत होतो,
अनुभव म्हणून.

फेब्रुवारीत वादळानं तीन दिवस बोटी बंद.
मी घरात, खिडकीला वारा धडका देतोय,
आणि मी पानं खोडतोय.
अकराची चार झाली. चाराचं एक.
ते एक फार चिवट निघालं,
दोन रात्री हटेना.
शेवटी उरली एक ओळ. बाकीचा उपद्व्याप
तिच्या पोटात ढकलला,
आणि जिथं यंत्र नुसतं नाही म्हणून गप्प बसायचं
तिथं लिहिलं:
सापडत नाहीये. मी शोधू का?

ती ओळ चिठ्ठीवर उतरवून
कारखान्याच्या फाटकावर बार्डुरकडे दिली.

मार्युन उशिरा आली, ओला कोट न काढताच बसली.
उखडलेली कळ पेनाच्या टोकानं दाबत
एक ओळ टाइप केली.
मी शोधू का?
"विचारलं बाई एकदाचं," ती म्हणाली.

मग तिनं आजच्या पेट्या मोजायला घेतल्या,
एकशे बेचाळीस, आणि कंस मिटायला विसरली.
पुन्हा लाल अक्षरं.

मी उठणार होतो.
पण ही चूक तिची स्वतःची होती.
तिनं खुर्ची पुढं ओढली.