पडशाची वही

टिळकनगर, इमारत नंबर बावन्न, तळमजला.
माझं पाळणाघर. मुलं अकरा, रुमाल चाळीस.
हजेरीवहीच्या मागच्या पानांवर
मी पडशांची नोंद ठेवते.
नवरा टेलिफोन खात्यात होता, तोही असाच
बंद पडलेल्या लायनी लिहून ठेवायचा.

बुधवारी ओजस शिंकला, लाकडी ठोकळ्यावर.
ठोकळा पर्णिकानं उचलला, मनोऱ्यावर चढवला,
मग तेच बोट नाकात, तेच डोळ्यात.
शुक्रवारी पर्णिका.
सोमवारी झोया, झोयाची आई,
आणि कणिक मळता मळता मी.

दही नव्हतं. केळं नव्हतं.
ओल्या केसांनी कुणी फिरलं नव्हतं.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, फ्रीज.
त्याआधी त्यांचा आरोपी पेरू असायचा.

डॉक्टर मुलगुंद म्हणाले, दोनशेच्या वर जाती यांच्या.
एकीला अंग ओळखू लागतं
तोवर दुसरी उंबऱ्यात.
म्हणून मुलांना वर्षातून सात-आठदा,
आपल्याला दोन-तीनदा.
औषध विचारलं तर हसले.
सुंठ घ्या, बरं वाटेल. जायचं तेव्हाच जाईल ते.

वहीला याहून थोडं जास्त कळतं.
ओजसची आई रात्रपाळीची नर्स,
दिवसा चार तास झोपते. तिला दर वेळी होतं.
झोयाच्या अब्बूंना झालं ते
दुकानाचं भाडं थकलं त्या महिन्यात.
पर्णिकाच्या मामाचं आठवड्याचं दुखणं
सिगरेटी महिनाभर पोसतात.
समोर बिल्डिंग पाडतायत, तिची धूळ
शिंका देते, पडसं देत नाही.
तिला मी वेगळा रकाना आखलाय.

तिसऱ्या मजल्यावरचे खांडेपारकर, वय एकोणऐंशी,
जिन्यात भेटले की छाती काढून सांगायचे,
चार वर्षांत एक शिंक नाही!
थंड पाण्याची आंघोळ!
मी मान डोलवायचे.
एकदा पान उलटताना हात थांबला.
चार वर्षं. म्हणजे काकू गेल्या तेव्हापासून.
मुलगी व्हँकुव्हरला.
दूध कडीला, पेपर फटीतून, बिलं मोबाइलवर.
त्यांच्या हाताला दुसरा हात लागतो कधी?
पडसं बिचारं यायचं कुठून!

गेल्या मंगळवारी सात वाजता
झोया पायरीवर पडली, हनुवटी फुटली.
दोनच मुलं उरली होती.
काका खाली येत होते,
मी ओजसला त्यांच्या हातात कोंबलं
आणि झोयाला घेऊन रिक्षात बसले.
तीन टाके. परत आले तेव्हा
ओजस त्यांच्या खांद्यावर झोपलेला,
इस्त्रीच्या सदऱ्यावर शेंबडाची वाळलेली रेघ,
आणि काका उभेच. पाऊण तास.
बसलो तर उठेल, म्हणाले.

शुक्रवारी पहाटे डक्टमधून
तिसऱ्या मजल्यावरची शिंक तळापर्यंत आली.
मी घाबरले. त्या वयात साधं पडसंही
छातीत उतरायला वेळ लागत नाही.
थर्मामीटर घेतलं, सुंठीचा काढा घेतला, वर गेले.
दार उघडलं. नाक लालबुंद.
तुझ्या त्या पोरानं दिलं, म्हणाले,
आणि कुणी बक्षीस दाखवावं तसे
पुन्हा शिंकले.

ताप नाही. श्वास मोकळा.
रोज दोनदा वर जाऊन बघते.
वहीत अकरा नावांखाली बारावं लिहिलंय,
पुढे, कुणाकडून: ओजस.
माझे दोन रुमाल त्यांच्याकडेच आहेत.