मी गातो

आमच्या कोल्हापुरात बायकाही म्हणतात
आलो, गेलो, जेवलो.
एस्तेर लोखंडे फोनवर म्हणाली,
"सोमवारी येतो. मशीन चालू करून ठेव."

सोमवारी लक्ष्मीपुरी बंद.
मी शटर अर्धंच उचललं, ती वाकून आत आली.
पासष्टीची, गुडघ्याला पट्टा,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत एक स्पूल.

टेपला बुरशी धरलेली.
मी स्पिरिटचा बोळा फिरवत बसलो,
कापूस काळा होत गेला, ती बोलत गेली.

बाप लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा.
वरात पोचवून झाली की ब्रह्मपुरीच्या चढावर
लाल कोटाची बटणं सोडून
रेडिओवर मध्यरात्री ऐकलेलं काहीतरी काढायचा,
ज्यावर कुणीच नाचलं नसतं.
"सम कुठाय, मी विचारायचो.
अप्पा म्हणायचे, येती की मागनं, चालत."

सत्त्याहत्तर साल. उद्यमनगरातला एक गाळा,
हाही सोमवारच, लेथ गप्प.
चार पोरं, एक गिटार, तेलाचे डबे
आणि ही, स्टुलावर उभी,
कारण माइक वरच्या आढ्यालाच बांधता आला.
गाणी इंग्रजी, हिनंच रचलेली,
व्याकरण देवाच्या भरवशावर.

मग मुंबई.
काचेपलीकडून विचारलं, काय करता?
"म्हणालो, मी गातो.
तिघंजण हसले बघ.
एक म्हणाला, बाई, गाते म्हणा. गाते.
भातात खडा लागल्यागत झालं."
बोळा फिरवायचा मी थांबलो.
"इंग्रजीत बरं हुतं रे. नुसतं आय.
त्याला लुगडं न्हाई, धोतर न्हाई."

एक छोटी तबकडी निघाली तिची,
दोन बाजू, दोन गाणी.
कव्हरवर फोटो दुसऱ्याच मुलीचा, मोकळ्या केसांचा.
विकल्या किती, तिला कुणी सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही,
विचारलं असतं तर पुन्हा हसले असते.

पुढं सहा वर्षं डमी.
म्हणजे गाणं आधी हिनं गायचं,
वाद्यं हिच्या आवाजाभोवती बसवायची,
मग मोठी बाई यायची मोटारीतून
आणि हिचा आवाज पुसला जायचा.
"वंगाळ वाटायचं?"
"पाटी पुसल्यावर पाटीला काय वाटतं?"
म्हणाली, आणि जरा वेळानं,
"वाटायचं."

परत येऊन टेलिफोन एक्स्चेंजात लागली.
ट्रंक कॉल, तीन मिनिटं झाली, वाढवू का?
तबकडीची एक बाजू तेवढीच असते.
सांगलीचे अडते, गडहिंग्लजचे जावई,
कुणाला ठाऊक नव्हतं
कोण सांगतंय त्यांना, वेळ संपली.

"एक मात्र राहिलंय," ती म्हणाली.
सिनेमाचं एक गाणं. अजून लागतं, वडापच्या गाडीतसुद्धा.
त्यात अंतऱ्याआधी श्वास आहे, ओढून घेतलेला.
"तो माझा हाय. पुसायचा राहिला त्यांचा."

टेप लावली. आधी खरखर, मग कुणाचं तरी खोकणं,
मग तो आवाज:
खालचा, रुंद, भट्टीतून नुकता काढलेला,
हात लावू नये असा.
तिसऱ्या गाण्यात शेजारच्या गाळ्यात
कुणीतरी सुट्टी मोडून मशीन सुरू केलेलं,
लोखंड कापत जाणारी एक लांब किरकिर.
माझा हात बटणाकडं गेला. हे काढता येतं आता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.
"तेवढाच एकजण आला हुता साथीला."

पेनड्राइव्ह तिनं रुमालाच्या टोकाला बांधला,
पैसे दिले, मोजून, वाद न घालता.
शटरखाली वाकताना म्हणाली, "येतो."

त्यानंतर ते गाणं मी दोनदा ऐकलं,
एकदा कागलच्या वडापमध्ये, एकदा सलूनमध्ये,
अंतरा जवळ आला की बोलणं थांबवून.
श्वास आहे तिथं.
कुणाचा, ते मला ओळखू आलं नाही.
न्हाव्याला म्हटलं, जरा मागं घे रे.
तो म्हणाला, रेडिओ आहे, काका.