खिडकी क्रमांक दोन

सकाळचे सात. नार्वात अजून मिट्ट काळोख.
नदीपलीकडे रशियाचे दिवे, अलीकडे आमची रांग.
मी काच सरकवते, प्लास्टिकच्या कपात मेथाडोन मोजते.
प्या. आता नाव सांगा.
नाव सांगायला तोंड उघडावं लागतं,
म्हणून विचारायचं.
नावं तर मला झोपेतही पाठ आहेत.

काल ताल्लिनहून एक पोरगी आली, फायलींचा गठ्ठा घेऊन.
वय, व्यसनाची वर्षं, डोसचे मिलिग्रॅम,
किती टिकले, किती गळाले.
म्हणाली, तैसिया बाई, आर्काडी आणि गेन्नादी
कागदावर जुळे भाऊ दिसतात हो.
एक सहा वर्षं येतोय.
दुसरा कुठाय?

मी चहा ओतला. साखर विचारायची विसरले.

आर्काडीच्या बहिणीने त्याला किल्ली दिली,
तळघरातल्या खोलीची, जिथे तिच्या काकड्यांच्या बरण्या असतात.
आणि आपली पर्स
दाराजवळच्या खुंटीवर टांगत राहिली, नेहमीसारखी.
एकदा त्याने त्यातून वीस युरो काढले.
पर्स हलली नाही.
हे त्यानेच सांगितलं, मान खाली घालून,
मागे रांग खोळंबलेली.
शिवाय दात. पुढचे दोन बसवले
तसा तो तोंडावर हात न धरता बोलू लागला,
बेकरीवालीने ओव्हनवर ठेवून घेतला.
दातांचा रकाना आहे का ग तुझ्याकडे?

गेन्नादी त्याच्याहून चिवट. हे लिही.
शहराबाहेर अकरा किलोमीटरवर राहायचा.
ऑक्टोबरात पहाटेची बस बंद झाली.
तीन आठवडे तो चालत आला,
बुटात वर्तमानपत्र कोंबून.
चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी, बर्फ होता,
पोहोचला तेव्हा पावणेनऊ होऊन चार मिनिटं झालेली.
पावणेनऊला खिडकी बंद, असा नियम.
काच मीच ओढली.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
काचेवर वाफ धरली, तिच्यामागून म्हणाला,
उद्या.

पोरीचं पेन थांबलं.
हे कशाखाली लिहू, बाई?
म्हटलं, बसच्या वेळापत्रकाखाली.
तसा रकाना नसेल
तर माझं नाव घाल.

हल्ली मी नऊ वाजेपर्यंत फरशी पुसत बसते,
पुसलेलीच पुन्हा, काच उघडी टाकून.
वारा आत शिरतो, कप उडतात,
डॉक्टर हीटरच्या बिलावरून बडबडतात.
बडबडू देत.