रुमालाखालची बोटं

मालेगाव स्टँडजवळच्या लॉजची गच्ची.
पाण्याच्या टाकीशेजारी चौसष्ट अँटेनांची पाटी,
तिच्या सावलीत मी, मांडीवर तापलेला लॅपटॉप.
खाली रामकुंड, पायऱ्या, माणसं,
प्रत्येकाच्या खिशात एक फोन
आणि प्रत्येक फोनला काहीतरी सांगायचंय.

टॉवर आंधळा असतो, हे लोकांना ठाऊक नसतं.
किरण वळवून तो नेमका तुमच्याच कानाशी बोलेल,
शेजारच्याला कुजबुजही लागू न देता.
पण तुम्ही कुठे, ते तुम्हीच सांगायचं.
मधली हवा कशी आहे,
कुठला कळस, कुठली लोखंडी कमान आवाज परतवते,
सगळं खुलासेवार.

काल संध्याकाळी त्यांनी खुलासेवारच सांगितलं.
नऊशे फोन, सेकंदात शंभरदा.
हवा अर्जांनी भरली, तहसील कचेरीसारखी,
आणि बोलायला जागाच उरली नाही.
कुणाचा तरी "पोचलो" हा एवढासा शब्द
रांगेत मागेच राहिला.
मुजम्मिल कोकणी वायर गुंडाळत म्हणाला,
"मॅडम, ह्यांचे पत्ते ऐकण्यातच आपला दिवस चालला."

मला घोटीचा बैलबाजार आठवला.
निवृत्तीमामा दलाल. मी आठ वर्षांची,
त्याच्या धोतराला धरून.
समोरच्याच्या हातावर तो रुमाल टाकायचा
आणि खाली बोटं दाबायचा.
एवढा कालवा, पण भावाचा एक आकडा हवेत नाही.
चार बोटं म्हणजे चार.
चार शेकडे की चार हजार?
ते दोघांना आधीच माहीत.
आधीच माहीत असणं, हीच तर सगळी बचत.

रात्री बसून वही केली. चौसष्ट पानं, चौसष्ट दिशा.
एक प्रत टॉवरकडे, तीच प्रत प्रत्येक फोनकडे.
आता हवेचं वर्णन नको, फक्त पानाचा आकडा.
सहा बिट.
एका हाताची बोटं आणि वर एक.
थोडं चुकतं, मान्य आहे.
सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या मधोमध उभा असलेला
सत्तावीसच होतो.
तेवढं तर रुमालाखालीही चुकायचं.

मग वर एक नियम घातला:
ज्याची हवा वाईट, त्यानं बोलूच नये.
उंबरठ्याचा आकडा टाकला, एंटर मारलं.
सकाळी आलेख हिरवागार.
मुजम्मिलनं चहा आणला, पुण्याहून अंगठा आला.

दुपारी खाली उतरले.
पुलाच्या खांबाआड कौसाबाई द्रोण विकत बसलेली,
तिच्यापुढे पैसे आले की बोलणारा तो डबा.
गिऱ्हाईक म्हणत होतं, पाठवलेत.
ती म्हणत होती, हा बोलला नाही.
"सकाळधरनं मुका झालाय बघा,
काल निदान अडखळत तरी बोलायचा."

मी वर पाहिलं. पाटी दिसत नव्हती,
खांब मध्ये होता.
आलेखात हा डबा नव्हता.
गप्प बसवलेला आणि मुळात नसलेला,
टॉवरला दोघं सारखेच.

बाजार उठायच्या आधी मामा एक फेरी मारायचा,
दिवसभर ज्याच्या हातावर कुणाचा रुमाल पडला नाही
त्याच्याकडे.
घेणार असायचा असं नाही.
बोटं दाबायचा, भाव विचारायचा.

गच्चीवर येऊन नियमात एक ओळ वाढवली:
दर पन्नासाव्या खेपेला उंबरठा काढायचा,
जे गप्प आहेत त्यांना आधी विचारायचं.
मग पुन्हा खाली. द्रोण घेतला, पैसे पाठवले.
थांबले.
डब्यानं घसा खाकरल्यासारखं केलं:
वीस रुपये प्राप्त झाले.
कौसाबाईनं मान वर केली नाही,
पुढच्या द्रोणात वात ठेवत होती.

संध्याकाळी पुण्याहून विचारणा:
सरासरी तीन टक्क्यांनी का घसरली?
खुलासेवार कळवा.

मी कळवलं:
वीस.