इसार

मे महिन्यात दुपारी अडीचला घर बघायला गेलो,
त्या वेळी नागपुरात दुसरं गिऱ्हाईक बाहेर पडत नाही म्हणून.
ठवकर दलाल फाटकापाशी खर्रा घोटत उभा, डोक्याला दुपट्टा.
"ताई, लवकर ठरवा. सकाळपासून चौथी पार्टी हाय तुमची.
मानेवाड्यात आरएलवालं घर
भाजीसारखं उचलून राह्यले लोक."

आधीची तीन हातची गेली होती.
बेसाचं एका रात्रीत.
खामल्याचं पन्नास हजारांनी.
त्रिमूर्तीनगरचं, आम्ही आडनाव सांगितल्यावर,
मालकाला एकदम आठवलं की विकायचंच नाही.
जाऊ दे, हेमराज म्हणाला.
मी जाऊ दिलं नाही, फक्त बोलले नाही.

मेडिकलला नर्स आहे मी. कुठंही गेले तरी
भिंतींच्या आधी माणसं दिसतात.
हेमराज ओल शोधत होता, बोअरला पाणी किती फुटांवर विचारत होता,
मी उमाठेकाकूंच्या पायांकडे बघत होते.
घोट्यावर सूज, चपलेचा पट्टा रुतलेला.
बोटानं दाबलं असतं तर खड्डा पडला असता
आणि बराच वेळ भरला नसता.
काका मात्र खुशीत: मुलाकडे चाललो, सातवा मजला, हवाच हवा.
लिफ्ट?
"लागेल ना. बिल्डर दिवाळी म्हणतो."
काकू काही म्हणाल्या नाहीत.
बाकी पार्ट्यांना महिन्याभरात ताबा पाहिजे होता.

त्या रात्री ड्युटीवर
टेम्परेचर चार्टच्या पाठीमागे आकडा मांडला.
पीएफ, बांगड्या, दिराकडचे दोन, बँक देईल ते.
खोडला. ड्रिपचे थेंब मोजून आले. पुन्हा मांडला.
नऊ नंबरचे आजोबा जागेच होते.
"सिस्टर, काय लिहून राह्यल्या?"
"घर."
"मंग मोठं लिहा."

सकाळी ठवकरला फोन लावला.
एकसष्ट एक्कावन्न. सगळे चेकनं.
ताबा दिवाळीनंतर दिला तरी चालेल,
तोवर भाडं नको.
पलीकडे थुंकल्याचा आवाज.
"ताई, एक पार्टी पासष्ट म्हणून राह्यली."
"काकूंना विचारा," म्हटलं. "काकांना नको."

संध्याकाळी इसार झाला.
काकांनी चष्मा पुसून सही केली, तारीख चुकले, खाडाखोड करून पुन्हा केली.
काकूंनी पन्हं दिलं. आडनाव विचारलं.
मी सांगितलं आणि पेला खाली ठेवला.
त्यांनी तो पुन्हा भरला, वेलदोडा जास्त झाला का म्हणाल्या.

फाटकाबाहेर स्कूटीवर एक जोडपं,
मधे पेंगलेलं पोर.
ठवकर त्यांना हातवारे करून काहीतरी समजावत होता.
बाईनं माझ्याकडे पाहिलं.
ते बघणं मी ओळखते,
खामल्याला ते माझं होतं.

हेमराजनं घरी जाताना अर्धा किलो संत्रा बर्फी घेतली.
जिंकलो, म्हणत होता, गाडी चालवता चालवता, दर सिग्नलला.
मला अजून सांगता येत नाही
ती सूज बघून मला कळवळा आला होता
की भाव कळला होता.
दोन्ही एकाच बोटानं दाबून बघतात.

आता ऑगस्ट.
रजिस्ट्री झाली, पाच तारखेला पहिला हप्ता कटला.
रात्रपाळीला जाताना मी मुद्दाम त्या गल्लीतून जाते.
स्वयंपाकघरात दिवा असतो,
काकू स्टुलावर पाय ठेवून काहीतरी निवडत बसलेल्या असतात.
पाटीवर अजून उमाठे.
गाडी हळू करते.
हॉर्न देत नाही.