भिंतीवर दोनदा

वडगावात आमच्या पुढच्या खोलीत
जिथं बाबांचा माग होता, तिथं आता
चार पडदे, चार खुर्च्या, एक कुलर.
तासाला तीस रुपये.
मागाचे खड्डे सिमेंटनं बुजवले,
तरी एक खुर्ची तिथं डुगडुगतेच.

टोपीवाल्याचा नववा भाग आला त्या शुक्रवारी
मोनाप्पा हलगेकर फौंड्रीतनं थेट आला,
उद्यमबागची काळी माती नखांत तशीच.
पहिला भाग त्यानं सातवीत असताना खेळला, इथंच,
वह्यांच्या पैशांत.
आता त्याची मुलगी सातवीत आहे.

टोपीवाला तोच. टोपीही तीच, डावीकडं कललेली.
पण आता त्याला घोडा आहे, शेत आहे,
तो मासे धरतो, दाढी वाढवतो,
कुठंही जातो, कुणी अडवत नाही.
मोनाप्पा अर्धा तास नुसता फिरला,
पाहुण्यांच्या नव्या घरात
मोरी शोधत फिरावं तसा.

"भिंत कुठाय?"

तिसऱ्या किल्ल्यातली, विहिरीमागची.
वाकून दोनदा ठोकलं की नाणं पडायचं.
पाचव्या भागात चित्रं बदलली, सहाव्यात आवाज,
सातव्यात टोपीवाला बोलायला लागला
(गप्प होता तेच बरं होतं),
नाणं मात्र आठही भागांत पडत राहिलं.

बसू म्हणाला, "तेच तेच किती दिवस, काका?
साकाय्तु."
मोनाप्पा म्हणाला, "तुझी आई रोज भाकरी थापती,
तिला सांगतोस काय, नवीन भाग काढ म्हणून?"
"कधीकधी चपाती करती की ती."
सगळे हसले.
मोनाप्पापण हसला, जरा उशिरा.

मला दोघांचंही पटतं, हीच अडचण.

बाबा म्हणायचे, अंगात काय हवं ते विण,
काठाला हात लावू नको.
एका दिवाळीला व्यापाऱ्यानं काठच बदलून मागितला.
बाबांनी विणला. देखणा होता.
बायका घडी उलगडायच्या, हात फिरवायच्या,
विचारायच्या, "हे कुठलं?"
आणि घडी परत घालायच्या, नीट, पाहुण्याच्या वस्तूसारखी.
पण खरं सांगायचं तर
पुढं जुना काठही तसाच पडून राहिला.
तो ओळखणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या,
त्यांच्या सुनांना काठच नको होता.

दुकानाची पाटी तीनदा रंगवली.
आधी मराठी. मग वर कन्नड, खाली मराठी.
मग कन्नड हातभर, मराठी बोटभर.
रंगारी तिन्ही वेळा एकच,
दर वेळी चहा मागून घ्यायचा, साखर जास्त.
पाटी वाचून इथं कुणी येत नाही.
येतात त्यांना ठाऊक असतं
कुठली खुर्ची डुगडुगते.

एकविसाव्या दिवशी मोनाप्पाला भिंत सापडली.
किल्ला पडलेला. विहीर बुजलेली,
तिच्यातनं एक झाड वर आलेलं.
भिंत उरली होती कमरेएवढी.
ज्यानं कुणी हे बनवलं
त्यानं ती पाडायची ठेवली होती,
की त्याचं धाडस झालं नव्हतं, कोण जाणे.

मोनाप्पा वाकला.
म्हणजे पडद्यावर टोपीवाला वाकला
आणि खुर्चीत हा.
दोनदा ठोकलं.

नाणं पडलं नाही.

शिवी त्याच्या ओठांपर्यंत आली होती,
तेवढ्यात आतनं
कुणीतरी
दोनदा ठोकलं.

बसूनं कानावरचं काढलं.
"मत्त बडी, काका! मत्त!"

मोनाप्पाचा अंगठा बटणावर तसाच,
चोवीस वर्षांत पहिल्यांदा
पुढं काय ते माहीत नसलेला.

मी घड्याळ बघितलं.
तास संपून सात मिनिटं झाली होती.
काही बोलले नाही.