अठ्ठावीस दिवस

घर पाहावं बांधून, म्हणतात.
लिलावात बोली लावून पाहावं, असं मात्र
आमच्याकडच्या कुठल्याच म्हणीत नाही.

बर्नलीतली विटांच्या घरांची ती रांग,
खाली दोन खोल्या, वर दोन,
मागे अंगण, चटई अंथरली की संपणारं.
हातोडा पडला बासष्ट हजारांवर
आणि माझा हात अजून वरच होता,
खाली घ्यायचा असतो हे विसरल्यासारखा.

सहा हजार दोनशे तिथंच भरले.
उरलेले अठ्ठावीस दिवसांत,
नाहीतर भरलेलेही गेले.
त्यातले पाच हजार शरयूचे होते.
बहीण माझी, लेस्टरला असते, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.
तिनं कागद मागितला नाही,
मीही दिला नाही.

दिवसभर मी लोकांची हाडं बघते.
केसाएवढी भेग माझ्या नजरेतून सुटत नाही.
घर पाहिलं होतं बारा मिनिटं, फेब्रुवारीत,
आणि कुंपणाशी वाळलेल्या तपकिरी कांड्या पाहून म्हटलं होतं,
कुणीतरी हौसेनं बांबू लावलेला दिसतो.

बँकेच्या सर्व्हेअरला हौस दिसली नाही.
जपानी नॉटवीड, त्यानं लिहिलं.
एक ओळ, छत्तीस पानांत.
मुळं जमिनीखालून मीटर मीटर लांब पोचलेली,
शेजारणीच्या शेडपर्यंत.
बँकेनं सभ्य भाषेत हात झटकले.
उरले अकरा दिवस.

ब्रोकर गॅरेथ म्हणाला, ब्रिजिंग लोन आहे ना.
पूल म्हणे.
पुलाला टोल असतो, हे त्यानं शेवटी सांगितलं:
महिन्याला एक टक्का, शिवाय फी,
आणि पलीकडचा काठ आपला आपण शोधायचा,
नऊ महिन्यांत.

सही केली. दुसरं काय करणार.
त्रेचाळीस हजार चारशेचं व्याज
चारशे चौतीस.
ते रविवारीही चालायचं.
मी नाइट ड्यूटीवर असताना चालायचं,
रिकाम्या घरात, दिवे न लावता,
या खोलीतून त्या खोलीत.

औषध मारणारा माणूस आला, क्लिफर्ड.
गुडघे टेकून कांडी कांडी टोचत राहिला.
म्हणाला, बाई, हे मरत नाही, झोपतं.
दहा वर्षांची हमी त्यानं दिली
ती झाडाची नव्हे, विम्याची.
बँकेला तेवढंच हवं होतं.

त्या दिवसांत शरयूचा फोन आला की
मी आधी भाजीचं विचारायची, मग मुलांचं,
मग गाडी पुलाखालून जातेय, आवाज तुटतोय, असं काहीतरी.
गाडी दारात उभी असायची.

आठव्या महिन्यात कर्ज मिळालं.
गॅरेथ म्हणाला, दोन वर्षांचाच दर घे,
व्याज उतरणार आहे, सगळेच म्हणताहेत.
उतरेलही.
मी पाच वर्षांचा घेतला, अर्धा टक्का महाग.
उतरलं तर हसतील लोक. हसू देत.
मला झोप विकत घ्यायची होती,
आणि इतकी स्वस्त ती गेल्या वर्षात
कुठं मिळाली नव्हती.

आता तिथं डोरीन राहते, बेकरीत काम करते.
भाडं पाचशे पंचाहत्तर.
हप्ता, विमा, बॉयलर, पगारात न मोजलेली माझी धावपळ,
हे वजा जाता पहिल्या महिन्यात उरले सत्याऐंशी पौंड.
त्यातले चाळीस शरयूला पाठवले
आणि पहिल्यांदाच सगळं लिहिलं:
कांड्या, पूल, टोल, तुझे पाच हजार कुठं कुठं फिरून आले ते.

दोन दिवस उत्तर नाही.
मग चाळीस पौंड परत आले.
खाली लिहिलेलं: छपराला ठेव.
आणि कागद कर.

मार्चमध्ये मी बर्नलीला जाते.
डोरीन चहा ठेवते, मी टॉर्च घेऊन मागे जाते,
फरशीच्या सांध्यांवरून हळूहळू, ओणवी,
लालसर कोंब दिसतोय का बघत.
खिशात शरयूचा कागद असतो, दोघींच्या सह्यांचा.
अजून तरी काही उगवलेलं नाही.